सड्यावरची सोनकी

आमची नातसून अक्षदा मंचरच्या कॉलेजात झाडपाल्याचं शिकते. लग्नात बाया कुजबुजल्या, एवढी शिकलेली पोर, म्हातारीपुढं टिकायची न्हाई. सून अजून मला वचकून असते. ही टिकली.

भादव्यात आमचा डोंगर सोनकीनं पिवळा होतो. पिवळी दिसली की सोनकी, एवढंच मला ठाऊक. ही म्हणाली, वर सड्यावर, माथ्याच्या सपाट कातळात उगवते ती निराळ्या जातीची आहे. मोबाईलातले फोटो तिच्या सरांना पटेनात. सोमवारपर्यंत मुळासकट झाड आण, तरच वेगळी नोंद करू, असं त्यांनी सांगितलं. फुलंही सरत आली होती.

शनिवारी तिनं सहा झाडं आणली, ओल्या फडक्यात टोपलीत ठेवली आणि ती दाबून वाळवायला रद्दी मागायला शेजारी गेली. मी बसल्या बसल्या मेथी निवडावी तशी ती निवडून टाकली. मुळं, माती, खालची पानं उकिरड्यावर. कोंबड्यांनी तिथं काय ठेवलंय!

ती आली, टोपली बघितली, खालीच बसली. तिनं भांडावं म्हणून मीच म्हणाले, "घाण घरात ठेवायची आमच्यात रीत न्हाई."

"आजी, त्या घाणीतच समदं व्हतं."

आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं. तिनं चढवला न्हाई, तेच मला लागलं.

रविवारी उजाडताच खुरपं घेऊन सडा चढले. वाटेत गुडघ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. वरची फुलं झडलेली. पण मागच्या घळीत ओल उशिरापर्यंत टिकते, हे कॉलेजात शिकवत न्हाईत. तिथं चार उभी होती. फटीतून मूळ न तोडता काढायला दुपार झाली. उतरताना बांधावरची एक घेतली, शेजारी ठेवून बघायला.

अक्षदानं दोन्ही पाटावर मांडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. बांधावरचीला नुसती धाग्यासारखी मुळं. सड्यावरचीला हरभऱ्याएवढी गाठ, जमिनीलगत पानांचा झुबका, पानाखाली पांढरी लव. साठ वर्षं मी तिथून गुरं हाकली. हिनं दोन पावसाळ्यांत ओळखली. तोंडावर कौतुक करायची मला सवय न्हाई. तिच्या चहात साखर जास्त घातली.

सोमवारी मीही गेले. सरांनी लई वेळ भिंगातून पाहिलं. मग नेहमीच्या सोनकीच्या वाळल्या नमुन्यांचा गठ्ठा बाजूला सारला, कोरी फाईल काढली आणि आमची झाडं तिच्यात ठेवली.

"मुळं कुणी काढली? एक तंतू तुटला नाही."

"आमच्या आजींनी," अक्षदा म्हणाली. "मुळांच्या बाबतीत त्या लई जपून असतात."

माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. माझ्या घरात शोभते पोरगी.