मधोमध मांडलेली खुर्ची

आठ फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच. घराच्या मागच्या अंगाला बाबा ही खोली बांधून घेत होते तेव्हा गवंड्याने डोकं खाजवत विचारलं होतं, "साहेब, खोली बांधतोय की पेटारा?" बाबा म्हणाले, "सगळ्या बाजू सारख्या ठेव. आवाजाला उगाच पक्षपात नको." आणि खोली झाली तशी त्यांनी आपली हातांची खुर्ची बरोब्बर मधोमध मांडली. दोरी लावून, मापून.

बाबा कीर्तनं करायचे. गोष्ट सांगता सांगता गाण्यात शिरायचे, गाता गाता पुन्हा गोष्टीवर यायचे, आणि ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही की आपण रडायला कधी लागलो. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, डाव्या हाताला बसून ठेका धरायचा. बाबांचं एक वाक्य माणसं आवर्जून मागून घ्यायची: "विहिरीला तळ असतो, दयेला नसतो." हे गाताना ते पायरी पायरी खाली उतरत आणि "नसतो"वर असा खर्ज लावत की पहिल्या रांगेतल्या लोकांना तो कानाआधी बसल्या जागी कळायचा.

पुढे पुढे बाबा संध्याकाळी या खोलीत बसून आपल्याच टेप ऐकत. एकदा मध्येच त्यांनी बटण दाबून टेप बंद केली. "संपलं. खालचा सूर राहिलाच नाही माझ्यात."

आई दारात उभी होती, हात पुसत. "अहो, काहीतरीच काय? चांगला घुमतोय की!"

"तू बायको आहेस. तू दुसरं काय म्हणणार?"

त्यानंतर ते गायला उभे राहिले नाहीत. कुणी बोलवायला आलं की घसा धरल्याची सबब सांगत.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा त्यांच्या थोरल्या लेकीने, थोरलीने, खोली झाडूनपुसून टेप लावली आणि आईला मानाने त्या खुर्चीत बसवलं. आईने पाच मिनिटं ऐकलं. मग पदर सावरत उठली. "नाही गं. हे ते नव्हेत." त्या दिवसापासून ती त्या खोलीत फिरकली नाही.

थोरली कपडे शिवायची. एक टाका उसवलेला दिसला की तिला जेवण जात नसे, आणि इथे तर बाबांचा आवाजच उसवला होता. आईच्या कानात तो पुन्हा जसाच्या तसा पडायला हवा, एवढं तिने मनाशी धरलं. तिने भिंतींना स्पंजच्या पातळ पाट्या चिकटवल्या. आवाज आणखीच बसला. शब्द तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखे येऊ लागले, आणि खर्ज बेपत्ता तो बेपत्ताच.

मामा येऊन बघून गेला. "वा गं पोरी! दुखतंय पोटात आणि तू बांधलीस तोंडाला पट्टी!"

"मग तू सांग ना काय करू ते."

"मी ठेका धरणारा. मला हात चालवता येतात, डोकं नाही."

शेवटी स्पीकर दुरुस्त करणारा आला. त्याने दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या, पुन्हा बंद केल्या. "यांना धाड भरलेली नाही. ताई, खालचे सूर लांब ढांगांचे असतात. असल्या पातळ स्पंजाला ते भीक घालत नाहीत. ते जाऊन साठतात कोपऱ्यांत. तिथे जमिनीपासून छतापर्यंत जाडजूड लोड उभे करा, लोकर ठासून. शिवायला तर तुम्ही आहातच."

तो गेल्यावर थोरली मापाची फीत घेऊन दाराजवळच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली. टेप तशीच चालू होती. फीत भिंतीला लावली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"...नसतो."

फरशीतून, भिंतीतून, तिच्या गुडघ्यांतून बाबा उतरत होते. जरा जास्तच घुमत होते, पण बाबाच होते.

ती उठून खुर्चीपाशी आली. गेले. दोन पावलं मागे सरली. आले. पुन्हा पुढे. गेले. कापड बेतावं तशी तिने सगळी खोली बोटाबोटाने तपासली. भिंतीपाशी खर्ज होता, कोपऱ्यात तर उतू जात होता, आणि बाबांनी दोरी लावून मापलेल्या नेमक्या त्या एका जागी नव्हता.

"आई! मामा! इकडे या आधी!"

मामा खुर्चीपाशी वाकला, दाराशी गेला, परत वाकला. "अरे देवा! सगळ्या बाजू सारख्या ना? मग सगळ्यांनी मिळून मधल्यालाच उपाशी ठेवलंय!" तो हसायला लागला आणि हसता हसता थोरलीकडे वळला. "म्हणजे दाजींचा घसा..."

"काहीच झालं नव्हतं त्यांना," थोरली म्हणाली.

आई दारातच उभी होती, नेहमीच्या जागी. "मी तर जन्मभर इथूनच ऐकलं," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच मला उचलून तिथे नेऊन बसवलंत."

लोड शिवायला थोरलीला आठ दिवस लागले. ते कोपऱ्यांत उभे राहिले तसा फाजील घुमारा ओसरला, आणि स्पंजाच्या पाट्या काढल्यावर शब्द पुन्हा मोकळे झाले. राहिली खुर्ची. बाबांनी मांडलेली. मामाने हात पुढे केला आणि मागे घेतला. थोरली नुसतीच बघत राहिली.

"सरा," म्हणत आई पुढे झाली. तिने खुर्चीचा एक हात धरला, मग दोघांनी दुसरा. दाराजवळ, भिंतीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवली. मध्ये सतरंजीवर चार पायांचे चार खळगे तेवढे राहिले. मामा ते पायाने सारखे करायला गेला, तर आई म्हणाली, "असू देत."

मग ती खुर्चीत बसली. थोरलीने टेप लावली. बाबा गोष्टीतून गाण्यात शिरले, एकेक पायरी उतरू लागले. मामाची बोटं मांडीवर आपोआप ठेका धरू लागली. बाबा अगदी तळाशी पोहोचले आणि तिथेच थांबून राहिले.

आई डोळे मिटून बसली होती. सूर संपल्यावर तिने समोरच्या स्पीकरकडे पाहिलं.

"बघा," ती म्हणाली, "मी सांगत नव्हते?"