सुट्टीतली सुई

इझाबेलाने संत्र्यात सुई खुपसली, दट्ट्या हळूच दाबला आणि सुई सरळ बाहेर ओढली. सालीवर पाण्याचा एक थेंब उभा राहिला.

"बघ, एवढंच. आता तू."

"संत्र्याला दुखत नाही," आई म्हणाली आणि तिने हात कार्डिगनच्या बाह्यांत ओढून घेतले.

"आई, वसईला तू कोंबड्या कापायचीस."

"कोंबडी कापताना मला कुठं दुखायचं?"

इझाबेलाला हसू आलं. तिने दुसरी सिरिंज काढली, बाटलीतून इन्सुलिन ओढून घेतलं, टिचकी मारून बुडबुडा वर आणला. आईने पोटावरचा कपडा जरासा सरकवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. टोचून झालं, स्पिरिटचा बोळा फिरवून झाला, तरी तिचे डोळे मिटलेलेच.

"झालं?"

"कधीच."

"तुझा हात हलका आहे, बेला. नीलाचाही हलका आहे, पण तुझा जास्त."

आईचा, म्हणजे लूसीचा, मधुमेह जुनाच. पण यंदा मार्चमध्ये गोळ्यांनी भागेना, तेव्हा सिडनीतल्या वेस्टमीड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी रोज सकाळचं इंजेक्शन लावलं. घरात टोचणारं कुणी नव्हतं. तिचा नवरा मार्टिन दोन वर्षांपूर्वी हार्टने गेला होता आणि एकुलती एक इझाबेला यंदाच फेब्रुवारीत आर्मिडेलच्या युनिव्हर्सिटीत सायन्सला गेली होती. सिडनीत तिला थोडक्या मार्कांनी जागा मिळाली नव्हती. आर्मिडेलला एक वर्ष चांगलं काढायचं आणि मग सिडनीत फार्मसीला यायचं, असं ठरलेलं होतं. ट्रेनने दिवस जायचा इतकं आर्मिडेल लांब.

सुईचा प्रश्न नीलाने सोडवला. नीला दोन घरं सोडून राहायची, वेस्टमीडला नर्स होती. ड्युटीला जाता जाता ती लूसीकडे डोकावायची. पण आता तिचं क्वेकर्स हिलचं नवं घर तयार झालं होतं आणि जूनमध्ये ती टूनगॅबीतली ही गल्ली सोडणार होती. हे कळल्यावर इझाबेलाने मे महिन्याच्या सुट्टीत घरी येतानाच मनाशी ठरवून टाकलं. आर्मिडेल सोडायचं. सिडनीतलं एक कॉलेज तिला घ्यायला तयार होतं. घ्यायला तयार होतं, पण पुढच्या फेब्रुवारीत, आणि पहिल्यापासून. हे शेवटचं तेवढं तिने आईला सांगितलं नव्हतं.

दुपारी ती केळ्याचा केक घेऊन नीलाकडे गेली. नीला जमिनीवर बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"मावशी, तुम्ही आईसाठी एवढं केलंत. आता जूनपासून मी आहेच. रोजचं इंजेक्शन मीच देईन."

"अगं, इंजेक्शनचं काय घेऊन बसलीस! ती कधीपासून स्वतःच टोचतेय. मी आपली बसून चहा पिते."

इझाबेला तिच्याकडे बघत राहिली. नीलाचा हात थांबला.

"तुला सांगितलं नाही तिने?"

"नाही."

"मला म्हणाली होती, बेलाला एवढ्यात कळवू नकोस. मला वाटलं, तुला सरप्राइज द्यायचं असेल."

"पण का नाही सांगितलं? मी रोज संत्रं घेऊन बसते तिच्यासमोर!"

नीलाने एक कप उचलला, कागदात घातला, पुन्हा बाहेर काढून नीट गुंडाळला.

"ईस्टरला तू आली नव्हतीस ना," ती म्हणाली.

इझाबेला परत निघाली ती तरातरा चालत. आईला सरळ विचारायचं, असं तिच्या मनात होतं. मी माझं कॉलेज सोडायला निघालेय आणि तू माझ्याशी नाटक करतेस? पण कोपऱ्यावर वळताना तिची पावलं मंदावली. ईस्टरला अभ्यास होता, असं तिने फोनवर सांगितलं होतं. अभ्यास नव्हता. एकदा घरी गेलं की परत यायला जमणार नाही, याची तिला भीती वाटली होती.

आर्मिडेलला शनिवार-रविवारी मुली आपापल्या फार्मवर जात आणि होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हीटरचा तेवढा आवाज उरे. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं असे. तिच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. कुणी फारसं वागलंच नव्हतं. आईच्या सुईचं कळलं तेव्हा तिला काळजी वाटली, हे खरं होतं. पण काळजीच्या पाठोपाठ सुटल्यासारखंही वाटलं होतं. परत येण्यासाठी कारण मिळालं होतं, आणि तेही असं की कुणी नावं ठेवणार नाही. ते कारण आता नीलाच्या घरात, कपबश्यांच्या पसाऱ्यात राहून गेलं होतं.

घरी आई इझाबेलाच्या खोलीत स्टुलावर चढून पडदे लावत होती.

"जाड कापड घेतलं मुद्दाम," ती वरूनच म्हणाली. "सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. तुला झोपायला आवडतं."

इझाबेलाने स्टूल धरलं. विचारायचं होतं ते तिने विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणाला माशाचं कालवण होतं. आईने तिच्या ताटात मोठा तुकडा वाढला आणि लहानपणी काढायची तसे त्यातले काटे काढायला घेतले.

"मग इकडचं कॉलेज जुलैत सुरू होईल?"

"नाही आई. फेब्रुवारीत."

"तोवर?"

"तोवर काही नाही. पुन्हा पहिल्यापासून करायचं. हे वर्ष धरणार नाहीत."

"मग तुझी फार्मसी?"

"एक वर्ष पुढे जाईल. मिळाली तर."

"मिळाली तर म्हणजे?"

"आमचे प्रोफेसर म्हणतात, आर्मिडेलचे मार्क असेच राहिले तर नक्की मिळेल. इकडे सगळं नव्याने, सांगता येत नाही." इझाबेलाने खांदे उडवले. "नो वरीज, आई. तू महत्त्वाची."

 आई तुकड्यातले काटे वेचत राहिली. काटे संपले तरी बोटांनी चाचपत राहिली.

सकाळी इझाबेला स्वयंपाकघरात आली तेव्हा आई टेबलाशी बसलेली होती. केस विंचरलेले, कार्डिगनच्या बाह्या कोपरापर्यंत वर.

"दे ती सिरिंज इकडे," ती म्हणाली. "आज मी करून बघते."

इझाबेला समोरच्या खुर्चीवर बसली. आईने बाटली उलटी धरली, औषध ओढलं, रेघेशी बरोबर थांबवलं आणि बोटाने टिचकी मारली. टिचकी चांगली सवयीची होती. मग आठवण झाल्यासारखा तिचा हात थरथरायला लागला.

"अशीच धरायची ना?"

"अशीच."

"वाकडी नाही ना गेली?"

"नाही. सरळ आहे."

"येशू, सांभाळ रे," असं म्हणून आईने डोळे घट्ट मिटले. एक डोळा किलकिला उघडा होता. सुई आत गेली, दट्ट्या खाली गेला, सुई बाहेर आली.

"जमलं की, आई!" इझाबेला ओरडली. आपल्याला इतक्या मोठ्याने ओरडता येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"जमलं?"

"पहिल्याच खेपेला!"

"बघ, उगीच घाबरत होते मी." आईने बोळा दाबून धरला. "आता नीला गेली तरी काही अडत नाही. तिला सांगते आजच. तिला खरं वाटायचं नाही."

"नाही वाटणार," इझाबेला म्हणाली.

आई उठली. तिने तव्यावर अंडं फोडलं, पाव भाजायला ठेवला. पाठमोरीच म्हणाली,

"रविवारची ट्रेन असेल ना तिकडची?"

"असते."

"मग धर ती. वर्ष कशाला बुडवायचं?"

इझाबेलाने हो म्हणायला तोंड उघडलं. आता फक्त हो म्हणायचं होतं. पण आईची वाकलेली पाठ आणि खांद्यापाशी उसवलेला कार्डिगन बघता बघता तिच्या तोंडून दुसरंच आलं.

"आई, मला तिथं करमत नाही."

तव्यावरचं अंडं चुरचुरत होतं. आईने गॅस बारीक केला.

"माहीत आहे."

"कसं माहीत? मी कधी बोलले नाही."

"फोनवर तू फार हसतेस," आई म्हणाली. "घरी कुठं इतकी हसतेस?"

इझाबेला मान खाली घालून बसली. आईने अंडं ताटलीत काढलं, ताटली तिच्यापुढे ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. बराच वेळ ती लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"जाशील?"

"जाईन."

"मग जा. पण यापुढे फोनवर हसू नकोस," आई म्हणाली. "आधी खा. गार होतंय."