बाटलीमागची कुंदाबाईंची ओळ

ज्या दिवशी कुंदाबाईंनी पाहुण्यांच्या हातात बाटली दिली आणि नेहमीसारखं "वाचा जी" म्हटलं, त्या दिवशी ती ओळ गेल्याचं उघड झालं.

पाहुणे म्हणजे नागपूरहून चिखलदऱ्याला निघालेलं एक जोडपं, गौरांग आणि चारुता. शेंदूरजनाघाटला संत्र्याची वाइन बनते असं कुणाकडून तरी ऐकून ते वाट वाकडी करून आले होते. कुंदाबाई नुकत्याच अमरावतीच्या दवाखान्यातून घरी आल्या होत्या. अंगात ताकद नव्हती. तरी शाल पांघरून कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. पाहुण्याला बाटली आपल्या हातानं द्यायची, हा त्यांचा नेम होता.

चारुतानं बाटली पुढून पाहिली, मागून पाहिली.

"काय वाचू, काकू? मागे पत्ता आहे, आणि किती मिलिलिटर ते."

"त्याच्या खाली पाहा."

"खाली इशारा आहे. मद्यपान आरोग्यास हानिकारक."

"थो सरकारचा. त्याच्या खाली माहा इशारा."

"खाली काहीच नाहीये, काकू."

कुंदाबाईंनी बाटली परत घेतली. जवळ चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. दाराशी त्यांचे यजमान उद्धवराव पेले पुसत होते. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

मित्रांनो, मी एक जुनं लेबल आहे. मला बाटली कधी मिळाली नाही. मी आहे याच ऑफिसातल्या लाकडी कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं चिकटवलेला एक कागद. माझ्यावर वाइनच्या बाटलीचं पुढचं आणि मागचं, अशी दोन्ही लेबलं छापलेली आहेत आणि कोपऱ्यात दारूवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा गोल शिक्का आहे. दारूच्या बाटलीचं लेबल आम्हा मुलांना काय शिकवणार, असं तुम्ही म्हणाल. तुमचं बरोबर आहे. मी बाटलीबद्दल फार सांगणार नाही. ती ओळ कुणी लिहिली आणि ती कशी गेली, एवढंच सांगणार आहे.

माझा जन्म कुंदाबाईंच्या स्वयंपाकघरात झाला. उद्धवरावांची संत्र्याची बाग होती. संत्र्याला वर्षात दोन बहार येतात, हिवाळ्यात फुलतो तो आंबिया आणि पावसाच्या तोंडाशी फुलतो तो मृग. आंबिया बहाराची बारीक फळं व्यापारी घेत नसत, ती झाडाखालीच सडत. त्यांची वाइन करायची असं उद्धवरावांच्या मनानं घेतलं. ते शिकून आले, परवाना काढला, टाक्या बसवल्या. कुंदाबाई मात्र बोलत नव्हत्या. त्यांचा धाकटा भाऊ मनोज दारूपायी गेला होता. ज्या वस्तूनं माहेरचं दार बंद केलं, ती वस्तू आपल्या अंगणात बनणार, हे त्यांना पचत नव्हतं.

एके दिवशी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "करा तुमचा कारखाना. पण बाटलीवर मी लिहीन थे राहीन. थे कोणी काढाचं नाही."

"कोण काढते?" उद्धवराव म्हणाले. "तुह्या हातचं कोणी काढत नाही. शब्द देतो."

मग हात धुऊन त्या बसल्या. आधी त्यांनी संत्र्याची एक डहाळी काढली. एक फळ, तीन पानं, आणि एका पानाला अळीनं खाल्लेलं भोक.

"भोक काहून काढलं?" उद्धवरावांनी विचारलं.

"दाखवा बरं आपल्या बागेत एक पान बिनभोकाचं."

उद्धवराव हसले. मग कुंदाबाईंनी मागच्या बाजूला, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात ती ओळ लिहिली.

गोड लागते म्हून भुलू नोका जी. हे दारूच होय.

अमरावतीच्या छापखान्यात माझा नमुना छापला गेला. खात्यानं तपासला. वाइनचं नाव, दारूचं प्रमाण, माप, बनवणाऱ्याचा पत्ता, सरकारी इशारा, सगळं जागच्या जागी होतं. चित्राबद्दल आणि त्या ओळीबद्दल साहेबांनी काही म्हटलं नाही. फक्त ओळ वाचून ते हसले आणि शिक्का मारला. त्या दिवशी उद्धवरावांनी मला कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नवीन लेबलं छापून आली की ती माझ्याशी ताडून पाहायची, हे माझं काम.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. लेबलं लावायला मैना आणि माणिकबाई यायच्या. लांब टेबलावर बाटल्या मांडायच्या, खळ लावायची, ओल्या फडक्यानं कागद दाबायचा. मधल्या सुट्टीत कपाट उघडं असलं की माणिकबाई माझ्याकडे बघून म्हणायची, "काकू, आमच्या घरच्याले हेच चिटकवा लागते, कपाळावर." मैना हसून हसून खळ सांडायची.

आणि पाहुणे आले की कुंदाबाईंचा नेम असायचा. आधी ओळ मोठ्यानं वाचायची, मग पेला. तलाठी आले, मास्तर आले, शहरातली मोठी माणसं आली, सगळ्यांनी वाचलं. पुण्याची माणसं 'नोका' शब्दावर अडखळायची. कुंदाबाई त्यांना परत वाचायला लावायच्या. अर्ध्या माणसांना वाटायचं की ही गंमत आहे. कुंदाबाई गंमत करत नव्हत्या. पण तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मनोजचं नाव त्या पाहुण्यांसमोर कधी काढत नसत.

मित्रांनो, आता माझ्या झिजण्याची गोष्ट सांगतो. मी दारामागे होतो तसाच राहिलो. झिजलं ते बाटलीवरचं लेबल.

एकदा मंजूर झालेल्या लेबलात कुठलाही बदल करायचा तर खात्याला विचारावं लागतं, असं उद्धवरावांना वाटायचं. कारखान्याचं कागदपत्र सांभाळायला संध्या नावाची मुलगी आली, तिनं नियम वाचून सांगितलं की तसं नाही. सक्तीचा मजकूर तसाच ठेवला, तर बाकी पुष्कळ गोष्टी न विचारता बदलता येतात. साल बदलता येतं, बहार बदलता येतो. रंग, आकार बदलता येतो. जे छापायची सक्ती नाही ते काढूनही टाकता येतं. नवीन मजकूर घालायचा असेल तर मात्र विचारावं लागतं.

"म्हणजे काढाले इचारा लागत नाही?" उद्धवरावांनी विचारलं.

"नाही, भाऊ. घालाले लागते."

उद्धवरावांचा जीव हलका झाला. खात्यात खेटे घालण्याचा त्यांना कंटाळा होता.

आधी लेबलावर आंबियाच्या जागी मृग बहार आला. ते ठीकच होतं. मग लहान बाटली निघाली. तिच्यासाठी चित्र बारीक केलं, तेव्हा पानाचं भोक ठिपक्याएवढं झालं. पुढच्या छपाईत छापखान्यातल्या माणसाला तो ठिपका डाग वाटला, त्यानं तो पुसून टाकला. मग रंग बदलला. कुंदाबाईंचं हिरवट संत्रं भडक केशरी झालं. दर वेळी नवीन लेबल माझ्याशेजारी धरलं जायचं. संध्या एकेक गोष्टीवर बोट ठेवून म्हणायची, "हे चालते, हे चालते." खरंच सगळं चालत होतं. नियम कुठेच मोडला नव्हता.

भोक गेलेलं कुंदाबाईंनी पाहिलं होतं. "आपली बाग सुधरली वाटते," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांचं दुखणं निघालं आणि त्यांना अमरावतीला ठेवावं लागलं. उद्धवराव दिवसाआड जायचे-यायचे. त्याच दिवसांत माल विकणारा ललित ऑफिसात आला. तो अकोला-अमरावतीच्या दुकानांत बाटल्या पोचवायचा.

"भाऊ, मांगची थे ओळ काढा ना आता," तो म्हणाला. "गिऱ्हाईक वाचते अन् बाटली ठेवून देते. आपणच आपल्या मालाले नावं ठेवून राहिलो."

"थे काकूचं होय."

"मले का माहीत नाही? पण काकू बऱ्या होऊन येईन तोवर माल त उठला पाह्यजे ना. अन् खात्याले इचाराचंही काम नाही."

उद्धवराव बराच वेळ उघड्या कपाटासमोर उभे होते. माझ्याकडे बघत होते. संध्या म्हणाली, "भाऊ, काकूले एक फोन लावता का?"

"दवाखान्यात आहे थे. तिले कशाले तरास देतं?" ते म्हणाले.

मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोललो असतो. लेबलाला बोलता येत नाही. त्याच्यावर जे छापलंय तेवढंच त्याचं बोलणं.

नवीन लेबलं आली. मैनानं पहिली बाटली हातात घेतली, उलटी केली आणि माणिकबाईकडे पाहिलं. दोघींनी खाली मान घालून खळ लावली.

आणि मग तो दिवस आला, जो मी सुरुवातीला सांगितला. पाहुणे अवघडून निघून गेले. चारुतानं जाताना कुंदाबाईंच्या पाया पडून "येते काकू" म्हटलं. बाटली टेबलावरच राहिली. ऑफिसात दोघंच उरले.

"काढली का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"ललित म्हणे की माल उठत नाही."

"बरं."

"खात्याले इचारा लागत नाही तेवढ्यासाठी. काढाले चालते."

"खात्याचं मी काही म्हटलं का?" कुंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "खात्याले कोणाचा भाऊ गेला, थे माहीत नाही. तुमाले माहीत होतं. मले काहून नाही इचारलं?"

उद्धवराव फडक्याची घडी करत राहिले.

"तू हो म्हटलं नसतं," शेवटी ते म्हणाले.

"नसतंच म्हटलं."

मग उद्धवराव म्हणाले, "पुढच्या बहाराले लावतो परत. पक्कं."

"लावजा," कुंदाबाई म्हणाल्या. "अन् पानाले भोक पाडजा. लय साजरं दिसते थे, खोटं."

त्या हसल्या, म्हणून उद्धवरावही हसले. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. पण पुढचा बहार यायच्या आत कुंदाबाई गेल्या. बागेत तेव्हा बहारासाठी पाणी तोडून झाडांना ताण दिलेला होता. पानं कोमेजून लोंबत होती आणि फुलं यायची होती.

त्यानंतर किती तरी दिवस कपाट उघडलंच नाही. मी अंधारात होतो. बाहेर बाटल्या भरल्याचा, खोकी ओढल्याचा आवाज यायचा. मैना-माणिकबाईचं हसणं यायचं नाही.

एके दुपारी दार उघडलं. समोर उद्धवराव होते, दाढी वाढलेली. त्यांनी ओळ मोठ्यानं वाचली, जशी पाहुणे वाचायचे तशी. मग संध्याला हाक मारली आणि मोबाइलवर माझा फोटो काढायला सांगितला. कुंदाबाईंचं अक्षर जसंच्या तसं छापायचं होतं.

ललितही तिथेच होता. आता त्याचाही चेहरा उतरलेला होता. "भाऊ, छापून टाका," तो म्हणाला. "कोण पाहून राहिलं? एवढ्याशा ओळीसाठी खात्यात कशाले जातं?"

"नाही," उद्धवराव म्हणाले. "एकदा न इचारता केलं. आता इचारूनच करीन."

संध्यानं अर्ज भरायला घेतला. सगळं भरलं, आणि एका रकान्याशी तिचा हात थांबला. तिथे विचारलं होतं, बदल कशासाठी.

"काय लिहू, भाऊ? ग्राहकांच्या हितासाठी, असं लिहू का?"

"खोटं नोको लिहू."

"मंग तुमी सांगा."

उद्धवरावांनी पेन हातात घेतलं. कागद पुढे ओढला. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, कुणीतरी त्यांना हाक मारली. ते उठले नाहीत. कितीतरी वेळानं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साहेबाले काय सांगू मी?" ते म्हणाले. "तिची होती, हे लिहलं त थे म्हणतीन, मंग काढली काहून?"

संध्यानं अर्ज घडी करून माझ्या खालच्या फळीवर ठेवला. तो तिथेच आहे.

आता पाहुणे आले की उद्धवराव त्यांना लगेच बाटली देत नाहीत. आधी कपाटाकडे आणतात, दार उघडतात आणि माझ्यावर बोट ठेवून म्हणतात, "हे वाचा जी." पाहुणे वाचतात, काही हसतात. मग उद्धवराव दार लावून घेतात. पण पाहुणे मोजकेच. अकोल्याच्या दुकानातून बाटली घेऊन घरी जाणाऱ्या माणसासमोर मी उभा राहू शकत नाही. कुंदाबाईंना सांगायचं होतं ते त्याला. पाहुण्यांना तर त्या तोंडानंही सांगू शकल्या असत्या.

मित्रांनो, माझी शाई आता फिकी होत आहे. शिक्का तर वाचताही येत नाही. त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगावंसं वाटतं, की कुणी मनापासून लिहिलेलं, काढलेलं, लावलेलं काही तुम्हाला हटवायचं असेल, तर ज्याचं ते आहे त्याला आधी विचारा. नियमात विचारायची गरज नसेल, तरी विचारा. तो नाही म्हणेल याची भीती वाटत असेल, तर नक्कीच विचारा.

कुंदाबाई गेल्यावर दोन्ही बहार येऊन गेले. अर्जातला तो रकाना कोरा आहे. बाटलीवर ओळ अजून लागलेली नाही.