उतारावर तेल कमी दिसतं

मी एका जुन्या जीपमधला मॅनिफोल्ड आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. बॉनेट उघडलं तरी मी पटकन दिसत नाही. चार बोटांचा ॲल्युमिनियमचा पोकळ पंजा, एवढंच माझं रूप. बाहेरची हवा गाळून माझ्याकडे येते आणि मी ती इंजिनाच्या चार सिलिंडरांना वाटून देतो. मला फक्त हवा लागते. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तेलाची आहे.

जन्म

वितळलेला धातू, वाळूचा साचा. बाकी आठवत नाही. पुढे जाऊ.

उमेदीचे दिवस

इंदापूर तालुक्यात कालव्याच्या कडेला सिद्धूतात्यांची वस्ती आहे. तात्यांनी आधी मेंढरं राखली, मग ती विकून ही जीप घेतली. आता त्यांची सून दिपाली ती चालवते. वाटेतल्या वस्त्यांवरच्या बायांना घेऊन ती बारामती एमआयडीसीत जाते. तिथल्या दुधाच्या कारखान्यात त्या सगळ्या पॅकिंगला असतात, दिपालीसुद्धा. पहिल्या पाळीच्या वेळेला एसटी नाही. जीप चालली तरच या बायांची नोकरी चालते.

कौतुक

माझं कोणी केलं नाही. जीपचं मात्र तात्या फार करतात. धुतात, पुसतात, तिच्याशी बोलतात.

हेळसांड

वस्तूंच्या आत्मवृत्तात इथे हेळसांड सांगायची असते. माझी हेळसांड कोणी केली नाही. तीच तर अडचण आहे.

जीपची बॅटरी अशक्त झाली. तेव्हापासून तात्या ती कालव्याच्या भरावावरून उतरणाऱ्या वाटेवर लावू लागले, तोंड खाली करून. सकाळी ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, दिपाली गिअर टाकते आणि इंजिन चालू होतं.

"तात्या, नवी बॅटरी घेऊ की," ती म्हणाली.

"उतार फुकट हाय, पोरी."

मेंढराच्या पोटाला हात लावून बघावं, तसे तात्या रोज सकाळी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून बघतात. उतारावर तेल पुढे सरकतं. पट्टी आहे मागच्या बाजूला. पोटात तेल पुरेसं असतं, पट्टीवर कमी दिसतं.

"उपाशी हाय गं," तात्या जीपला म्हणतात. आणि ओततात.

मित्रांनो, जादा झालेलं तेल कुठे जाईल? इंजिनाची श्वासाची एक नळी माझ्याकडे येते. त्या नळीतून ते माझ्यात आलं. मला तोंड मिटता येत नाही. जे आलं ते पुढे द्यायचं, एवढंच मला येतं. ते सिलिंडरांत जळालं. मागून धूर निघाला. पट्टीवर तेल आणखी कमी दिसलं. तात्यांनी आणखी ओतलं.

"दिपे, गाडी विड्या वढाय लागली काय?" मागच्या बाकावरून सारजाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

मग एक दिवस कारखान्याच्या फाटकापाशी दिपालीने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं नाही. किल्ली तिच्या हातात होती. डिझेल बंद होतं. इंजिन माझ्यातून येणारं तेलच पिऊन किंचाळत होतं, आणि ते पाजणारा मी होतो. धुरात कोणाला काही दिसेना. बाया उड्या टाकून पळाल्या. दिपाली हलली नाही. तिने वरचा गिअर टाकला, ब्रेकवर जोर देऊन पाय रोवला आणि क्लच सोडला. जीपने हिसका दिला आणि इंजिन मेलं.

"परत असं झालं तर मी बसायची न्हाय बाई," सारजाबाई म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

निदान

हा भाग अशा आत्मवृत्तात नसतो. माझ्या गोष्टीत आहे.

जीप ओढून वस्तीवर आणली, नेहमीच्या जागी लावली. नागेश मिस्त्री तिथे आला. बॅटरी मेलेली म्हणून जीप होती तिथेच, उतारावर, त्याने तपासली. माझ्यावरची नळी काढून आत बोट घातलं. बोट काळं झालं.

"पट्टीवर तेल बराबर हाय. तात्या, तेल रोज घालावं लागतं?"

"रोज. कंदी चुकलो न्हाय."

"म्हंजी तेल खातीया. टर्बो गेला, वैनी."

टर्बो म्हणजे माझ्याकडे हवा दाबून पाठवणारा पंखा; तो खराब झाला की त्याचं तेलही माझ्यात येतं. म्हणून नागेशचं काही चुकलं नव्हतं, मित्रांनो. फक्त जमीन तिरकी होती. मी हे त्याच्या बोटाला कसं सांगणार?

जीप ओढून गॅरेजात नेली. तिथली फरशी सपाट. नागेशने इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट काढला. तेल टबात पडू लागलं. टब भरला, काठाला आलं, तरी धार थांबेना. मला वाटलं, आता कळेल. नागेश फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने पायाने दुसरा टब सरकवला.

नवा टर्बो बसला. मला रॉकेलने आतून धुतलं. नवं तेल मापानं भरलं. धूर नाही. दिपालीने बारामतीपर्यंत चक्कर मारली. सारजाबाईला फोन करून ती म्हणाली, "झाली बरी. सोमवारपासनं चला."

"आता परत झालं तर मात्र इंजिनच जाईल," नागेश जाताना म्हणाला. "मग भंगारच."

बोध

गाडी सपाटीवर उभी करा. थोडं थांबा. मग पट्टी बघा. पट्टीवर दोन खुणा असतात. खालच्या खुणेची काळजी सगळे घेतात. वरचीही माना.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्यापैकी कोणाची वाट कालव्याकडून जात असेल, तर तात्यांना हे मोठ्याने सांगा. माझा आवाज म्हणजे फक्त आत जाणारी हवा.

आज सोमवार आहे. बाया फाट्यावर उभ्या असतील. जीप उतारावर आहे, तोंड खाली. बॉनेट उघडलं. पट्टी ओढल्याचं मला कळलं. तात्यांनी ती धोतराला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली, उजेडात धरली.

"नवा टर्बो हाय हिचा," ते म्हणाले. "उपाशी ठिवून कसं चालंल?"

तेलाच्या डब्याचं झाकण फिरतं आहे.