वारा गाळताना

ठिप्. जरा थांबून पुन्हा ठिप्. दुपारच्या शांत घरात आत्तींच्या फडक्यातून कळशीत पाणी गळायला लागलं की मी समजते, रुचू झोपली. आता तासभर माझा.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नाबाई. आम्ही जैन, दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय आमच्यात पाणी कुणी तोंडाला लावत नाही. माझ्या नवऱ्यानं, केतननं, भिंतीवर पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायचं काढलं तेव्हा आत्ती म्हणाल्या होत्या, तुझं यंत्र जीव मारतंय, माझं फडकं त्यांना घरी पोचवतंय. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओततात आणि ते हळूच मागच्या आडात सोडतात. माझी चार वर्षांची रुचू कठड्याशी उभी राहून त्या न दिसणाऱ्या किड्यांना रोज टाटा करते.

अशाच चोरलेल्या दुपारी मी आमच्या गाडीला नवा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा ओढून घेणारा भाग, बसवला. गाडी टर्बोची. इंजिनला हवा जितकी मोकळी मिळेल तितकी ती खूश. कंपनीच्या काळ्या डब्यातला चपटा फिल्टर काढायचा आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागे शंकूसारखा उघडा फिल्टर, रुंद पाइप बसवायचा. हौस केतनची. त्याचा उद्यमनगरातला गॅरेजवाला मित्र काम करून देणार होता, पण मी म्हटलं, मी करते. रुचूच्या आधी मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते, दिवसभर बॉनेटखाली वाकलेली. मनात ठरवलं होतं, हे नीट झालं तर पुन्हा कामावर जायचं विचारायचं, नाहीतर तो विषयच नको. हे कुणाला बोलले नव्हते.

केतन एवढंच म्हणाला, की उरलेले स्क्रू टाकू नकोस, डब्यात घालून ठेव.

आत्तींनी मात्र काही विचारलं नाही. एकदा रुचू लवकर उठून रडायला लागली. माझे हात काळे, पाइपाची क्लिप अर्धी आवळलेली. आत्तींनी तिला काखोटीला मारलं आणि गल्लीत फेऱ्या घालत राहिल्या. शेजारच्या तानाबाईंनी, सून कुठाय, असं विचारलं, तर म्हणाल्या, "कामात हाय." मी पाना हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्याबद्दल असं कुणी बोलून किती दिवस झाले होते.

काम संपलं त्या दिवशी आत्ती फिल्टरकडे वाकून बघत होत्या. ह्यातनं आत काय जातंय, विचारलं. मी म्हटलं, वारा. आणि चिलटं, पाखरं? ती अडकतात बाहेर, मी म्हटलं. त्यांनी फिल्टरवरून एकदा बोट फिरवलं. चातुर्मास चालू होता, किड्यामुंगीला जास्तच जपायचे दिवस.

इंजिन चालू करून पाय दाबला, सोडला. गाडीनं हुश्श केलं. रुचू हसत सुटली, म्हणाली, गाडी दमली.

रविवारी दशम्या बांधून आम्ही चौघं पन्हाळ्याला निघालो. दिवस मावळायच्या आत परतायचं, म्हणून सकाळीच. भुरभुर पाऊस होता. सपाटीला गाडी बरी वाटली, पण वाघबीळ सोडून चढ लागला तशी ओढेना. केतननं दुसऱ्या गियरला आणली, तरी धापाच. पुढच्या ट्रकच्या चाकांचं पाणी आमच्यावर उडत होतं.

"उद्यमनगरात दिली असती तर एव्हाना वर चहा पीत बसलो असतो," तो म्हणाला.

मी गाडी कडेला थांबवायला लावून बॉनेट उघडलं, तर फिल्टरवर फडकं. दुहेरी, पांढऱ्या दोऱ्यानं नीट बांधलेलं आणि चिंब भिजलेलं. भिजल्या फडक्यातून इंजिन श्वास घेणार कसा? बॉनेटची कळ कुठली, हेही आत्ती इतक्या दुपारी माझ्याकडं बघून बघून शिकल्या होत्या.

मी फडकं सोडवून मुठीत धरलं. केतन खाली उतरून आला तसं म्हटलं, एक क्लिप ढिली राहिली होती माझ्याकडनं.

मागचं दार उघडलं. डोक्यावरचा पदर सावरत आत्ती पावसात उभ्या राहिल्या.

"खोटं कशाला बोलतीस? फडकं माझं हाय. पहाटे मीच बांधलंय." मग केतनकडं वळून म्हणाल्या, "हिच्या हातात खोट न्हाय. दिवाळी झाली की जाऊ दे हिला कामावर. पोरीला मी बघतो."

माझ्या मनातलं त्यांना कुणी सांगितलं असेल? क्लिपा आवळताना मी गुणगुणायचे. तेच ऐकून ओळखलं असणार.

केतननं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बॉनेट लावत म्हणाला, तुझ्या जुन्या साहेबांना फोन लाव मग. आणि आई, पुढच्या खेपेला टायरला पण बांध.

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. मी फडकं पिळून आत्तींच्या हातात दिलं आणि त्यांचा ओला हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

पुढचा चढ गाडीनं हसत काढला. वळणावर पाय सुटला की हुश्श. मागे रुचूनं आजीच्या मांडीवरचं फडकं उलगडलं होतं. त्यावर दोन-तीन बारीक पंख चिकटले होते. तिनं एका पंखाला हळूच बोट लावलं.

"आई," ती म्हणाली, "पाण्यातले किडे आपण आडात सोडतो. वाऱ्यातले कुठं सोडायचे?"