शेवटच्या कडव्यातलं नाव

नागुबाईनं नवऱ्याचं नाव गाण्याशिवाय कधी घेतलं नाही. पण गाण्यात घेतलं, आणि तेवढ्यानंच घात केला.

बहात्तरचा दुष्काळ. देवणीजवळ दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या, आणि नागुबाईचा नवरा रामकिशन नांदेडच्या एका गायनपार्टीत पेटी वाजवायला गेला होता. परतायचं काही लक्षण दिसेना. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, नाहीतर गाण्यात. मग हिनं हातोड्याच्या ठेक्यावर गाणंच बांधलं:

फुटंल खडी, फुटंल झरा,
सुकल्या माळी येईल चारा...

आणि अगदी शेवटी, लाजतलाजत, 'रामकिशन येईल घरा.'

बघताबघता ते साऱ्या बायांच्या तोंडी झालं. दोन दिवसांसाठी घरी आलेल्या रामकिशननं ऐकलं, डोळे पुसले, आणि पाठ करून नांदेडला नेलं. तिथं पार्टीच्या मालकानं शेवटच्या ओळीत नाव ऐकलं. आता शेवटच्या कडव्यात नाव असतं ते रचणाऱ्याचं, हे शेंबडं पोरही जाणतं. "अरे, तू तर कवी निघालास की!" मालक म्हणाला. रामकिशन गप्प बसला. गप्प बसायला काय जातं माणसाचं!

तबकडी निघाली. तिच्यावर शेवटचं कडवं काही मावलं नाही, पण गाणं धर्माबादेपासून देवणीपर्यंत हॉटेलाहॉटेलांत वाजू लागलं. पाऊस आला, चारा आला, रामकिशन तेवढा आला नाही. पहिल्या वर्षी त्याची तीन कार्डं आली, पुढं तीही थांबली. गाणं नेल्याचा तिला राग नव्हता. "त्येंच्यासाठीच केल्तं, त्येंनी नेलं," असं ती म्हणायची. पण रानातून रिकाम्या घरी येताना हॉटेलात तिचेच शब्द साऱ्या गावाला उमेद देत असायचे. तेव्हा तिला फार एकटं वाटायचं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. सोहळ्यात रामकिशन गाणार असं कळलं, तशी ती एसटीत बसली. भांडायला नव्हे. शेवटची ओळ तिला त्याच्या तोंडून ऐकायची होती. तो 'येईल घरा' म्हणाला, तर आणखी वाट बघायला अर्थ होता.

भर दुपारी मैदान तुडुंब भरलेलं. रामकिशनचं अंग सुटलं होतं, केस काळे केलेले होते. "हे गाणं मी उपाशीपोटी रचलं," त्यानं माईकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागुबाईनंही वाजवल्या, कारण एवढ्या वर्षांनी त्याचा आवाज ऐकून तिला भरून आलं होतं.

शेवटचं कडवं आलं. ती उठून उभी राहिली. त्याचे कार्यक्रम ऐकून ऐकून लोकांना सगळं पाठ होतं, तेही गाऊ लागले. सवयीनं तिचंही तोंड उघडलं:

'रामकिशन येईल घरा.'

मैदान गात होतं, आणि माईकवर तोही गात होता:

'रामकिशन म्हणे, धीर धरा.'

शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि मायेनं म्हणाली, "अक्का, चुकलं की वं तुमचं. 'धीर धरा' हाय ते."

"हाव बाई," नागुबाई खाली बसत म्हणाली, "दहा वर्सं चुकूनच राहिले मी."