श्वास घ्यायची पट्टी

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे हो, वाजवायची! एका कोपऱ्याला उंदराने कुरतडल्याची खूण, भात्याला दोन ठिगळं, आणि तरीही गेल्या महिन्यात मी विमानात बसून आले. सामानात टाकू दिलं नाही तिने मला. शेजारच्या खुर्चीचं वेगळं तिकीट काढलं! मित्रांनो, ही 'ती' कोण, ते सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे की भाता आपोआप फुगतो आहे.

माझा जन्म पुण्यातला. सागवानी अंग, आत पितळी पात्यांचे सूर. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या महिला भजनी मंडळाने मला घेतलं आणि टेम्पोतून उतरवताना हळदीकुंकू लावलं. मंडळाच्या म्होरक्या होत्या गिताबाई. त्यांनी तोंड उघडलं की माझे सूर आतल्या आत थरथरायचे. पुढे पेटी वाजवणाऱ्या बाई मुलाकडे शिरूरला राहायला गेल्या आणि मी दोन वर्षं गिताबाईंच्या घरी कांद्याच्या खोलीत पडून राहिले. तिथेच घात झाला. मधल्या सप्तकातल्या 'काळी चार' या पट्टीखाली कांद्याचं एक टरफल शिरलं आणि तिथल्या सुरावर जाऊन बसलं. पट्टी दाबली की सूर नाहीच, नुसतं 'हुश्श'. बाई गं, किती लाजले मी!

मला त्या खोलीतून ओढून काढलं गिताबाईंच्या सात वर्षांच्या लेकीने, समृद्धीने. शिकवायला कोणी नव्हतं. तिने एकेक पट्टी दाबून पाहिली, काळी चारपाशी आली, 'हुश्श' ऐकलं आणि ओरडली, "आये, हिच्यात श्वास घ्यायची पट्टी हाय!"

गिताबाई भाकरी थापत म्हणाल्या, "मंग घिऊ दे की. सारखं बोंबलून दमत आसंल ती."

झालं! पोरीला ते खरंच वाटलं. चाल बांधताना ती मधूनच ती पट्टी दाबायची, मी हुश्श करायची, तीही श्वास घ्यायची आणि गाणं पुढे निघायचं. मोठी झाल्यावर कळलं तिला की पट्टी बिघडलेली आहे. पण बोटांना कोण समजावणार?

बारावीनंतर ती सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. भाड्याच्या खोलीत कॉट एक, बायका तीन आणि पेटी एक. मशीनच्या ठेक्यावर दिवसभर गुणगुणायची आणि संध्याकाळी ते माझ्यावर उतरवून मोबाईलमध्ये भरायची. दोन लघुपटांना तिने संगीत दिलं. पडद्यावरच्या पाटीवर नाव मात्र दुसऱ्याच एका गृहस्थांचं आलं. तिच्या वाट्याला 'साहाय्य'. "बाई संगीत देती, आसं कुणाला खरं वाटत न्हाई गं," ती मला पुसता पुसता म्हणाली. मी हुश्श केलं.

आणि मग फोन आला! विश्वजीत नावाचे दिग्दर्शक शिफ्टला जाणाऱ्या बायकांवर सिनेमा काढत होते. समृद्धीने पाठवलेली एक चाल त्यांना आवडली होती. पुण्यातले दोन नावाजलेले संगीतकारही त्यांच्या यादीत होते. ते म्हणाले, "रविवारी घरी येतो, समोर बसून ऐकतो. तिथेच ठरवू. जमलं, तर पडद्यावर संगीतकार म्हणून तुमचंच नाव."

तिचंच! एकटीचं!

समृद्धीने मला आधीच खुटबावच्या घरी आणून ठेवलं. घरात नुसती धांदल उडाली. सगळ्यात जास्त उडाले समृद्धीचे चुलते, बाळासो आप्पा. सोसायटीचे संचालक. पाहुणे यायचे म्हटल्यावर त्यांना भिंती रंगवल्याशिवाय राहवत नाही. शनिवारी समृद्धी कामावर असताना त्यांनी मला गुपचूप उचललं आणि दौंडला दुरुस्तीला नेलं. मला पॉलिश झालं. भात्याच्या भोकांवर दोन ठिगळं बसली. आणि कारागिराने चिमट्याने ते टरफल उपसून काढलं. त्याने काळी चार दाबली आणि मित्रांनो, मी गायले! इतक्या वर्षांनी पुरा गळा! परतीच्या वाटेवर गाडी खड्ड्यात आपटली तरी मला गुदगुल्या होत होत्या. उद्या पोरीला केवढा आनंद होईल, या विचाराने मला चैन पडेना.

रविवारी विश्वजीत आले. चहा झाला. समृद्धीने मला पुढ्यात घेतलं, चमकणाऱ्या अंगाकडे चकित होऊन पाहिलं आणि सुरुवात केली. बोट सवयीने काळी चारवर गेलं आणि मी तिथे खणखणीत सूर लावला.

तिचा हात थबकला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच मी दणक्यात!

विश्वजीत भिडस्तपणे म्हणाले, "छान आहे. पण फोनवर ऐकलेलं हे नव्हतं. त्यात काहीतरी होतं. तिथे काळजात कालवाकालव व्हायची." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मला ते टोपण दिसलं आणि माझा भाता बसला.

"आप्पा," समृद्धी हळूच म्हणाली, "पेटीला काय केलंत?"

"आगं, नीट केली! मुकी पट्टी हुती, आत कांद्याचं टरफल आडकलेलं, त्ये काढून बोलती केली. पाहुण्याम्होरं फाटकी पेटी ठिवायची व्हय?"

ती रागावली नाही. काळी चार पुन्हा एकदा दाबून ती म्हणाली, "आये, एक कांदा आण."

"आता गं? सैपाकाला बसतीस का काय?"

"आण तू."

तिने सुरीच्या टोकाने माझे स्क्रू काढले, कांद्याचं टरफल सोललं आणि ते दोन बोटांत धरून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, खरं सांगते, मला नको होतं ते. एकाच दिवसाचा तर होता माझा गळा! पण त्या पाहण्यात माझी परवानगी मागितलेली होती. आजवर कोणी पेटीला विचारलं आहे का? मी सूर सैल सोडला. टरफल अलगद जाऊन बसलं.

तिने पुन्हा सुरुवात केली. पहाटेच्या बसला धावणाऱ्या बाईचं ते गाणं. पळत पळत चाल काळी चारपाशी आली आणि... हुश्श. दारात उभ्या गिताबाईंनी नकळत श्वास घेतला. आप्पांनी घेतला. आणि विश्वजीतनी पेनाचं टोपण काढलं.

"संगीतकाराचं नाव कसं लिहायचं?" त्यांनी विचारलं.

आप्पाच ओरडले, "ठळक लिवा!"

दौंडला सिनेमा लागला तेव्हा अख्खं खुटबाव टेम्पो भरभरून आलं. तालुक्यातली सिनेमाला संगीत देणारी पहिलीच बाई, असं आप्पा तिकिटाच्या खिडकीवरच्या पोराला सुद्धा सांगत होते. पाटीवर नाव आलं आणि त्यांनी अशी शिट्टी मारली, की गिताबाई म्हणाल्या, "भावजी, वयाचं भान ठिवा," आणि स्वतः डोळे पुसू लागल्या. त्यानंतर सहा सिनेमे झाले. आता मोठ्या स्टुडिओत तीस-तीस व्हायोलिनवाले तिच्या खुणेवर एकदम थांबतात आणि श्वास घेतात. तो श्वास त्यांना मी शिकवला, बरं का!

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. भात्याला ठिगळ लावा, उंदरांपासून जपा. पण आमच्यातलं काही दुरुस्त करायच्या आधी, आम्हाला रोज हाताळणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

आणि तिचं गाणं ऐकताना मध्येच क्षणभर काही ऐकू आलं नाही, तर आवाज वाढवायला जाऊ नका. तिथे मी वाजते आहे.